द्राक्षबागेतील पांढरी अळी : शत्रू की मित्र?

पुढील पाय जोडून बसणारा प्रार्थना-कीटक माश्या व झुरळे पकडून खातो. काही हौशी लोक तो घरी पाळतात व त्यास हेच भक्ष्य घालतात. परंतु शत्रू कोण व मित्र कोण, हे तो जाणत नाही; मधमाशी सापडल्यास तीही खातो. म्हणून पिकाच्या रक्षणासाठी ठराविक किडीवर जगणारा कीटक निवडावा लागतो. द्राक्षावरील पिठ्या ढेकणांसाठी असा कीटक म्हणजे क्रिप्टोलीमस हा भुंगा होय. तो मूळचा ऑस्ट्रेलियातील असून १८९८ साली भारतात आणला गेला. मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. त्या परिसरातील बागाईतदारांनी हा भुंगा अवश्य ओळखावा.

पिठ्या ढेकूण खोडाच्या व ओलांड्यांच्या सालीखाली दडतात आणि पुढे घडांत शिरतात. त्यांच्या चिकट स्रावावर काळी बुरशी वाढते व घड विक्रीस निरुपयोगी होतात.

भुंग्याची पैदास लाल भोपळ्यावर करतात. पिकलेला, देठासह, खोल खाचांचा भोपळा धुऊन कोरडा करावा व जखमा मेणाने बुजवाव्यात. त्यावर ढेकणांची पिले सोडावीत. पंधरा ते वीस दिवसांत भोपळा किडीने भरला की तो भुंग्यांच्या पेटीत एक दिवस ठेवावा. मादी ढेकणांच्या अंडीपुंजांत अंडी घालते. सुमारे महिन्याभरात नवे भुंगे तयार होतात.

भुंगा व त्याची अळी ही दोन्ही ढेकूण खातात. मात्र येथेच घात होतो. अळीच्या अंगावर पांढरे मेणचट तंतू असल्याने ती ढेकणासारखीच दिसते. कीड वाढली असे समजून शेतकरी फवारणी करतो आणि आपलाच रक्षक मारतो. वाढलेली अळी ढेकणापेक्षा पुष्कळ मोठी असते, तिचे तंतू लांब व जाड असतात आणि ती चपळ चालते.

भुंगे सायंकाळी, कीड असलेल्या वेलींवर सोडावेत. नुकतीच विषारी फवारणी झालेल्या बागेत ते सोडू नयेत. स्रावाच्या लोभाने मुंग्या ढेकणांचे रक्षण करतात व भुंग्यांस हुसकावतात. म्हणून मुंग्यांचा बंदोबस्त आधी करावा.

ग्रामसेवकांनी फवारणीचा सल्ला देण्यापूर्वी साल उचलून भिंगाने पाहावे आणि पांढरी अळी शेतकऱ्यास प्रत्यक्ष दाखवावी.