सोनं मुकं, झिरकॉन बोलका

ऑगस्ट २०२५ मध्ये जबलपूर जिल्ह्यातल्या सिहोरा तहसिलीत, महगवां केवलारी भागात सोनं सापडल्याची बातमी आली आणि काही बातम्यांत थेट ‘लाखो टन’ असा आकडा झळकला. माणसाने आजवर साऱ्या जगातून खणून काढलेलं सोनं दोन लाख टनांच्या थोडंसंच वर भरतं. म्हणजे एका सिहोऱ्याने आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, कोलार सगळ्यांना एका फटक्यात मागे टाकलं! लाखो टन असलाच तर सोनं अंगात बाळगणारा दगड असेल. अशा दगडाच्या एका टनातून काही ग्रॅम सोनं निघालं, तरी खाणवाले समाधानी असतात. शिवाय या पट्ट्यात सोनं आहे, हे काही नवं नाही. कटनी जिल्ह्यातल्या स्लीमनाबादजवळच्या इमलियाचं नाव भूवैज्ञानिकांच्या तोंडी आधीपासून आहे.

बातमीत न आलेली गोष्ट मला जास्त रंजक वाटते. सोन्याला स्वतःचं वय सांगता येत नाही. निसर्गात सोन्याचा एकच समस्थानिक आढळतो, सोनं-१९७, आणि तो स्थिर आहे. त्याचा ऱ्हास होत नाही, त्याचं दुसऱ्या कशात रूपांतर होत नाही, त्यामुळे मोजायला काहीच उरत नाही. सिहोरा आणि शेजारच्या मझौलीच्या खडकांचा इतिहास जाणून घ्यायचा, तर कुणी ढुंकूनही पाहणार नाही अशा दोन खनिजांकडे जावं लागतं. एक झिरकॉन आणि दुसरं मोनाझाइट. दोन्हींचे कण बहुधा मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाएवढे, रेतीत मिसळले तर भिंगाशिवाय ओळखू न येणारे.

झिरकॉनचा स्वभाव मोठा सोयीचा आहे. स्फटिक तयार होताना तो युरेनियमला घरात घेतो आणि शिशाला मात्र जवळपास दारातूनच परत पाठवतो. त्यामुळे पुढे त्यात जे शिसं सापडतं, ते युरेनियमपासूनच बनलेलं असतं. युरेनियम-२३८ चं अर्धायुष्य सुमारे ४४७ कोटी वर्षांचं आणि त्याचा शेवट शिसं-२०६ मध्ये होतो. युरेनियम-२३५ चं अर्धायुष्य सुमारे ७० कोटी वर्षं, त्याचा शेवट शिसं-२०७ मध्ये. एकाच कणात दोन स्वतंत्र हिशेब चालू असतात. दोन्हींची उत्तरं जुळली तर तारीख धरायची, नाही जुळली तर मधल्या काळात त्या कणाला काहीतरी भोगावं लागलंय असं समजायचं. पुष्कळदा हे न जुळणंच अधिक माहिती देऊन जातं.

पण डोंगराची कुंडली एका तारखेने मांडता येत नाही. डोंगर उभा राहताना खडक खोल दाबले जातात, तापतात, मग वर येत थंड होतात. या थंड होण्यात प्रत्येक खनिजाची नोंद पक्की होण्याचं तापमान वेगळं. थंडीच्या दिवसांत फडताळातलं तूप आणि खोबरेल तेल एकाच वेळी थिजत नाहीत, तसंच हे. झिरकॉन ९०० अंशांच्या वरही आपलं शिसं धरून राहतो, काळ्या अभ्रकातला आर्गॉन साधारण ३०० अंशांच्या खाली आल्यावर अडकतो, ॲपेटाइटमधल्या सूक्ष्म ओरखड्यांची नोंद त्याहून पुष्कळ कमी तापमानाला टिकू लागते. एकाच खडकातल्या अशा तीन-चार खनिजांची वयं शेजारी शेजारी मांडली की तो खडक किती वेगाने वर आला, हे कळतं. मार्टिन डॉडसन यांनी १९७३ मध्ये या ‘बंद होण्याच्या तापमाना’चं गणित मांडलं, आणि नुसत्या वयांच्या याद्यांतून डोंगरांच्या हालचाली वाचता येऊ लागल्या.

आता नकाशा. नागपूरहून जबलपूरला गाडीने निघालेला माणूस नकळत एक अख्खा प्राचीन पर्वत आडवा ओलांडतो. मनसर, देवलापार ही त्याची दक्षिणेकडची बाजू. इथल्या खडकांच्या गटाला ज्या गावाचं नाव मिळालं, ते सौंसर मराठी माणसाला परकं नाही. इथल्याच मँगनीजवर भूवैज्ञानिक फर्मोरने १९०९ मध्ये जाडजूड ग्रंथ लिहिला, आणि डब्ल्यू. डी. वेस्ट या भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातल्या भूवैज्ञानिकाने १९३६ मध्ये देवलापारला आल्प्ससारखे खडकांचे थर एकमेकांवर सरकून चढलेले आहेत असं मांडलं. पुढे त्यावर बरीच वादावादी झाली. सिवनीच्या आसपास काळ्या बेसाल्टने सगळं झाकून टाकलंय. जबलपूर गाठलं की महाकोशल गटाचे खडक लागतात. भेडाघाटचा संगमरवर याच गटातला. मझौली जबलपूरच्याही उत्तरेला, आणि तिथून पुढे विंध्यचे जवळजवळ आडवे थर सुरू होतात. मझौलीत कलचुरी काळातल्या विष्णुवराहाचं मंदिर आहे. वराहाने पृथ्वी समुद्रातून वर काढली, ही कथा भाविकांना ठाऊक असते. आसपासचे महाकोशल खडकही एके काळी समुद्रतळावरच साचले होते.

हा सगळा पट्टा एकाच उलथापालथीत घडला, असा समज बराच काळ होता. आर्थर होम्ससारख्या दिग्गजाने १९५५ मध्ये भारतीय द्वीपकल्पाच्या कालगणनेवर लिहिताना ‘सातपुडा चक्र’ सुमारे ९५ कोटी वर्षांपूर्वीचं ठरवलं. होम्सबद्दल मला भारी आदर आहे. १९११ मध्ये, समस्थानिक ही कल्पनाच अजून जन्मायची होती तेव्हा, विद्यार्थिदशेत त्याने युरेनियम आणि शिशावरून दगडांची वयं काढली होती. पण इथे त्याच्या हाती फार थोडे नमुने होते. उत्तरेकडच्या महाकोशलमध्ये घुसलेल्या ग्रॅनाइटांची वयं नंतर १८० ते १७५ कोटींच्या आसपास निघाली. दक्षिणेकडे मोनाझाइट वेगळंच सांगू लागलं. आयआयटी खरगपूरचे शंतनू कुमार भौमिक आणि सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये दोन टप्पे दाखवले, एक सुमारे १६० कोटींचा आणि दुसरा १०० कोटींच्या आगेमागे. त्यांच्या मते दक्षिण आणि उत्तर भारताचे तुकडे अखेरचे सांधले गेले ते या दुसऱ्या टप्प्यात, रोडिनिया नावाचा महाखंड जुळत असताना. म्हणजे ‘सातपुडा’ या एका नावाखाली निदान दोन डोंगर गाडले गेलेत.

उत्तरेकडच्या डोंगराला आणखी एक साक्षीदार मिळाला, तो अगदीच आडवाटेने. १९९८ मध्ये सिधी जिल्ह्यातल्या चुरहटला, विंध्यच्या थरांतल्या वालुकाश्मात ११० कोटी वर्षांपूर्वीच्या किड्यांची बिळं सापडल्याचा दावा ‘सायन्स’मध्ये आला आणि जगभर गाजला. २००२ मध्ये दोन गटांनी त्याच थरांजवळच्या ज्वालामुखीच्या राखेतले झिरकॉन मोजले. वय आलं सुमारे १६३ कोटी. प्राणी इतके जुने मानायला फारसं कुणी तयार नव्हतं, आणि किडे हळूहळू बाद झाले. पण त्या राखेने भलतंच काम केलं. महाकोशलचे खडक घडीघडीचे, त्यांच्यावरचे विंध्यचे थर मात्र शांत पडलेले. तेव्हा उत्तरेकडची मुख्य घडीमोड १६३ कोटी वर्षांच्या आधीच उरकलेली असणार.

या आकड्यांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा असं मी म्हणणार नाही. एका झिरकॉनच्या गाभ्याचं वय एक, काठाचं दुसरं. कण मोजणाऱ्या लेझरचा ठिपका नेमका कुठे पडला यावर तारीख बदलते, आणि कुठले कण शोधनिबंधात घ्यायचे हे शेवटी माणूसच ठरवतो. दिल्लीच्या इंटर-युनिव्हर्सिटी ॲक्सिलरेटर सेंटरमध्ये राष्ट्रीय भूकालमापन सुविधा उभी राहिल्यापासून प्रत्येक कण परदेशी पाठवण्याची गरज तरी कमी झाली. तिचं जेवढं कौतुक व्हायला हवं तेवढं होत नाही, कारण तिच्यात सोनं सापडत नाही.

हा जुना सांधा अजून पुरता निवलेलाही नाही. मे १९९७ चा जबलपूरचा भूकंप जमिनीखाली ३५ किलोमीटरच्या आसपास, कवचाच्या तळाशी झाला होता. त्यामुळे तिथल्या खडकांचं वय विचारणं ही नुसती हौस नाही.

आणि सिहोऱ्याच्या सोन्यालाही हाच प्रश्न विचारता येतो, फक्त त्याच्या सोबत्यांना गाठावं लागेल. सोन्याच्या शिरांमध्ये कधी मोनाझाइट असतं, कधी अभ्रक, कधी ऱ्हेनियम-ऑस्मियमवरून वय काढता येईल अशी गंधकयुक्त खनिजं. ड्रिलिंग करून काढलेल्या दगडाच्या दांड्यांतून असे कण वेचून मोजले आणि वय १७५ कोटींच्या घरात आलं, तर हे सोनं उत्तरेकडच्या जुन्या डोंगराचं, आणि त्याच्यासारखं आणखी काही असेल तर शोध महाकोशलच्या पट्ट्यातच घ्यायचा. १०० कोटी आलं, तर दक्षिणेच्या धडकेने तापलेलं पाणी भेगांतून इतक्या उत्तरेपर्यंत पोचलं होतं असं मानावं लागेल, आणि शोधाचा नकाशाच नव्याने काढावा लागेल.