वर्षाला किती पिढ्या? गुलाबी बोंडअळीचा हिशेब

किड्याच्या वर्षाला किती पिढ्या होतात, असं विचारलं की लोकांना एक ठरलेला आकडा हवा असतो. तसा तो नसतो. अमेरिकेच्या पूर्व भागात एक सिकाडा 17 वर्षं जमिनीखाली काढतो, तेव्हा कुठे त्याची एक पिढी पुरी होते. आपण मात्र आज गुलाबी बोंडअळी घेऊ, कारण तिच्या बाबतीत हा आकडा बराचसा आपल्या हातात आहे.

किडा स्वतःच्या अंगात ऊब तयार करत नाही. हवा तापली की वाढ वेगात, गारठली की संथ. बोंडअळीची वाढ साधारण 13 अंशांखाली जवळपास थांबते. उबदार दिवसांत अंड्यापासून पतंगापर्यंतचा फेरा महिनाभरात होतो. म्हणून कपाशीच्या एका हंगामात चार ते सहा पिढ्या निघतात.

आता गणित बघा. मादी शंभराच्या वर अंडी घालते. समजा त्यातली दहाच जगली आणि निम्म्या माद्या निघाल्या. म्हणजे दर पिढीला पाचपट. एका मादीच्या चौथ्या पिढीत 625 माद्या, पाचवीत 3,125, सहावीत 15,625! (हा आपला कागदावरचा हिशेब, शेतात पाऊस, पाखरं, औषध सगळं आडवं येतं.) पण मुद्दा कळला ना? सगळी गंमत शेवटच्या पिढीत आहे.

हिवाळ्यात दिवस लहान होतो, गारवा येतो, तशा बऱ्याच अळ्या कोषात न जाता सरकीत किंवा वाळक्या बोंडात सुप्तावस्थेत जातात. पुढच्या हंगामाचं बियाणंच म्हणा ना! आपण काय करतो? चार वेचे जास्त मिळतील म्हणून फरदड ठेवतो. पाणी देतो, हिरवी बोंडं येतात, म्हणजे अळीला जेवण. तिला एखादी पिढी जादा मिळते आणि सुप्त अळ्याही वाढतात.

दुसरं नुकसान लगेच दिसत नाही. बीटीचं विष पचवणाऱ्या अळ्याच मागे उरतात, त्यांचीच पोरं वाढतात. ही निवड दर पिढीला होते. दोन जनुकांचं बीटी 2006 मध्ये आलं आणि 2017 मध्ये महाराष्ट्रात बोंडं आतून पोखरलेली निघाली. वर्षाला एकच पिढी असती, तर ही वाट बरीच लांबली असती.

शेतकऱ्याचा फरदडीचा मोह मला कळतो, हातात पैसा नसतो. तरी डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटावी, राहिलेल्या बोंडांवर शेळ्या-मेंढ्या सोडाव्यात. आणि जिनिंगच्या आवारात साठलेली सरकी विसरू नका, पतंग तिथूनही निघतात.