संगणकातले दप्तर

विद्यार्थी मित्रांनो, रोज शाळेत येताना तुम्ही खांद्यावर दप्तर घेता. हा शब्द तुमच्या ओळखीचा आहे. उर्दूत 'दफ्तर' म्हणजे कचेरी. तोच शब्द मराठीत आला आणि 'दप्तर' झाला. मराठीत त्याचे दोन अर्थ आहेत. वह्या-पुस्तके ठेवायची पिशवी म्हणजे दप्तर आणि कचेरीतील कागदपत्रांचा संग्रह म्हणजेही दप्तर.

पुण्यात असेच एक प्रसिद्ध दप्तर आहे. त्याला 'पेशवे दप्तर' म्हणतात. पेशव्यांच्या काळातील हिशेब, पत्रे, सनदा असे असंख्य कागद त्यात आहेत. बहुतेक कागद मोडी लिपीत आहेत. हे कागद कापडाच्या चौकोनी तुकड्यात बांधून ठेवत. अशा गठ्ठ्याला 'रुमाल' म्हणत. १८१८ साली पेशवाई संपली आणि हे दप्तर इंग्रजांच्या ताब्यात गेले. पुढे इनाम जमिनींचे हक्क तपासताना या जुन्या कागदांचा आधार घेतला गेला. १९३० च्या दशकात इतिहासकार गो. स. सरदेसाई यांनी या दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले. त्यासाठी त्यांना व त्यांच्या सहकाऱ्यांना रुमालामागून रुमाल सोडून पाहावे लागले.

यावरून एक गोष्ट ध्यानात घ्या. कागद जपणे वेगळे आणि हवा तेव्हा सापडणे वेगळे.

तुमच्या शाळेच्या कचेरीतही एक दप्तर असते. तेथे 'जनरल रजिस्टर' नावाची मोठी नोंदवही असते. प्रत्येक विद्यार्थ्याला त्यात एक क्रमांक मिळतो. शाळा सोडून कित्येक वर्षे झालेला माणूस जन्मतारखेचा पुरावा मागायला येतो. त्याला शिकवणारे शिक्षक केव्हाच निवृत्त झालेले असतात. तरीही आजचे लिपिक त्याची नोंद काढून देतात. असे का होते? कारण नोंद करणाऱ्या प्रत्येकाने एकच पद्धत पाळलेली असते.

आता संगणकाकडे वळू. संगणकात किंवा मोबाइलमध्ये साठवलेल्या पत्राला, चित्राला किंवा हिशेबाला आपण 'फाइल' म्हणतो. अनेक फाइली एकत्र ठेवण्याची जागा म्हणजे 'फोल्डर'. ही नावे कागदाच्या कचेरीतूनच आली आहेत. १९८१ साली झेरॉक्स कंपनीने 'स्टार' नावाचा संगणक आणला. त्याच्या पडद्यावर कागद आणि फोल्डर यांची लहान लहान चित्रे होती. कचेरीत काम करणाऱ्याला संगणक परका वाटू नये, हा त्यामागील हेतू होता.

परंतु फोल्डर असले म्हणजे शिस्त येते असे नाही. समजा, तुमच्या आपांना कॉलेजच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा आहे. उद्या शेवटची तारीख आहे. उत्पन्नाचा दाखला मागच्या वर्षी मोबाइलमध्ये घेतला होता, एवढे त्यांना आठवते. पण मोबाइलमध्ये 'स्कॅन १', 'स्कॅन २', 'नवीन', 'नवीन खरा' अशा शेकडो फाइली आहेत. दाखला हरवलेला नाही, तरी तो सापडत नाही. अर्जाची वेळ टळून गेल्यावर सापडला, तर त्याचा काय उपयोग?

अशी वेळ येऊ नये म्हणून काही साधे नियम पाळा.

पहिला नियम असा की, आधी घरे करा आणि मग वस्तू ठेवा. घरातील कागदांसाठी पुढील फोल्डर पुरेसे आहेत.

०१ ओळखपत्रे
०२ शिक्षण
०३ दवाखाना
०४ घर व वीजबिल
०५ अर्ज

'शिक्षण' या फोल्डरात घरातील प्रत्येकाच्या नावाचे एक एक फोल्डर करा. याहून फार खोल जाऊ नका. डब्यात डबा आणि त्यात पुन्हा डबा ठेवला, तर आपणच विसरून जातो. एखादी फाइल दोन ठिकाणी बसेल असे वाटले, तर स्वतःला विचारा, "ही लागेल तेव्हा मी आधी कोठे पाहीन?" तेच तिचे घर समजा.

दुसरा नियम नावाचा आहे. फाइल न उघडता आत काय आहे ते नावावरून कळले पाहिजे. 'स्कॅन १' हे नाव काही सांगत नाही. '२०२४-०६-०५ उत्पन्नाचा दाखला अब्बा' हे नाव तारीख, विषय आणि व्यक्ती या तिन्ही गोष्टी सांगते.

या नावात वर्ष आधी का लिहिले आहे? 'दिवस-महिना-वर्ष' असे लिहिले, तर सर्व महिन्यांच्या एक तारखा एकत्र येतात, मग दोन तारखा येतात आणि वर्षांची सरमिसळ होते. वर्ष, महिना, दिवस असे लिहिले की फाइली आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. शिवाय '०५-०६-२०२४' ही तारीख आपण ५ जून अशी वाचतो, पण अमेरिकेत ती ६ मे अशी वाचतात. हा घोटाळा टाळण्यासाठी १९८८ साली आंतरराष्ट्रीय मानक ठरले. त्यातही वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असाच क्रम आहे.

एक अंकी आकड्याआधी शून्य लिहा. अनेक ठिकाणी संगणक नावातील एक एक चिन्ह डावीकडून तपासतो. म्हणून '१०' हे '२' च्या आधी येते, कारण १ हा २ च्या आधीचा आहे. '०२' लिहिले की क्रम बरोबर लागतो.

तिसरा नियम लिपीचा आहे आणि तो तुमच्यासाठी विशेष महत्त्वाचा आहे. १९९१ साली 'युनिकोड' ही पद्धत सुरू झाली. तिच्यामुळे जगातील लिप्यांच्या प्रत्येक अक्षराला संगणकात स्वतःचा क्रमांक मिळाला. अरबी कळफलकावरील 'ये' आणि उर्दू कळफलकावरील 'ये' शब्दाच्या मध्ये सारखेच दिसतात, पण त्यांचे क्रमांक वेगळे आहेत. 'काफ' चेही तसेच आहे. एकाने अरबी कळफलकावर नाव लिहिले आणि दुसऱ्याने उर्दू कळफलकावर ते शोधले, तर फाइल समोर असूनही सापडेलच असे नाही. म्हणून सर्वांनी एकच कळफलक वापरावा. आकडेही एकाच लिपीत लिहावेत.

चौथा नियम प्रतींचा आहे. मोबाइल पाण्यात पडतो, संगणक बिघडतो. म्हणून महत्त्वाच्या फाइलीच्या तीन प्रती ठेवा. त्या दोन वेगवेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांपैकी एक घराबाहेर असावी. सरकारी दाखल्यांसाठी भारत सरकारने २०१५ साली 'डिजिलॉकर' सुरू केले आहे, त्याचाही उपयोग करा.

हे नियम एका कागदावर लिहून घरात लावा. अम्मी, अब्बा, भाईजान, आपा सर्वांनी तेच पाळावेत. एकाने पाळले आणि दुसऱ्याने मोडले, तर दप्तर पुन्हा विस्कटते. तुम्ही ठरवलेले नियम फार उत्तम नसले तरी चालतील, पण ते रोज बदलू नका.

मित्रांनो, फाइल ठेवताना ती कोठे ठेवली हे आपल्याला ठाऊक असते. शोधणारा मात्र दुसराच कोणी असू शकतो. दहा वर्षांनंतर आपणही त्या फाइलीला अनोळखीच झालेले असतो. त्या अनोळखी माणसाला एका मिनिटात त्याचा कागद मिळाला, तर आपले दप्तर व्यवस्थित आहे असे समजावे.

स्वाध्याय

१. 'दप्तर' या शब्दाचे मराठीत कोणते दोन अर्थ आहेत?
२. जुनी नोंद शाळेत इतक्या वर्षांनंतरही का सापडते?
३. फाइलीच्या नावात वर्ष आधी का लिहावे?
४. 'जपणे वेगळे आणि सापडणे वेगळे' याचे एक उदाहरण तुमच्या घरातून द्या.
५. उर्दू व मराठी या दोन्ही भाषांत वापरले जाणारे कचेरीसंबंधीचे पाच शब्द लिहा.