उंच मुलाला रिंगखाली नुसते उभे करू नका

नववीतला एखादा मुलगा पाच फूट अकरा इंचांवर गेला की शाळेत तीन कामे आपोआप त्याच्या गळ्यात पडतात. संचलनात झेंडा धरायचा, फळ्याची वरची कड पुसायची आणि बास्केटबॉलच्या संघात उभे राहायचे. पहिल्या दोन कामांना काही शिकावे लागत नाही. गंमत म्हणजे तिसऱ्यालाही लागत नाही असाच आपल्याकडे समज आहे.

आम्ही मूळचे विज्ञानाचे शिक्षक. शाळेला क्रीडाशिक्षक नव्हते म्हणून मैदान आमच्याकडे आले आणि मग राहिलेच. त्या काळात एक उंच मुलगा रोज येऊन भिंतीला टेकून बसायचा. खेळत का नाहीस विचारले तर म्हणाला, "सर, मेरेकू कुच सिखातेच नै. बस रिंग के नीचे खडा रहने बोलते." त्याचे खरे होते. आम्हीच तसे सांगत होतो.

आता हे "खडा रहना" नियमातही बसत नाही. रिंगसमोर जी आखलेली चौकट असते, 4.90 मीटर रुंद आणि 5.80 मीटर लांब, तिच्यात आपल्या संघाकडे बॉल असताना हल्ला करणाऱ्या खेळाडूला सलग तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. थांबला की बॉल समोरच्या संघाला. जिल्हा स्पर्धेत उंच मुले सगळ्यात जास्त इथेच फसतात आणि मैदानाबाहेरून ओरडा खातात. रिंग 3.05 मीटर उंचीवर, म्हणजे दहा फुटांवर असते. सहा फुटी मुलाने हात पूर्ण वर केला तरी बोटे साधारण आठ फुटांपर्यंतच जातात. उरलेले दोन फूट उंचीने नाही, शिकण्याने भरून निघतात.

रिंगजवळ, बोर्डाकडे पाठ करून, बचाव करणाऱ्याला मागे ठेवून खेळायचे, त्या जागेला पोस्ट म्हणतात. हे शिकवताना आम्ही पहिले पंधरा दिवस बॉल हातात देत नाही. आधी पाय. आपल्या भागात कुस्ती सगळ्यांना कळते. रुस्तुम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार आपल्या लातूर जिल्ह्यातलेच. पैलवान कधी ताठ उभा राहतो का? गुडघे वाकलेले, कंबर खाली, पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद. पोस्टमध्ये उभे राहणे हे तसेच. ताठ उभ्या उंच मुलाला एक बुटका, जाडजूड मुलगा सहज ढकलून चौकटीबाहेर काढतो. तोच उंच मुलगा खाली बसला की मागच्याला पाठीवर आणि कमरेवर तोलून धरता येते. मात्र हाताने धरायचे नाही. हात लावला की फाउल.

मग बॉल घेणे. पुढे झेप घेऊन दोन्ही पाय एकदम जमिनीवर टेकवत बॉल झेलायचा. दोन्ही पाय एकदम टेकले तर त्यातला कोणताही एक पाय रोवून वळता येते. एकामागून एक टेकले तर पहिला टेकलेला पायच रोवावा लागतो आणि निम्मे रस्ते बंद होतात. बॉल आला की थेट हनुवटीखाली, दोन्ही हातांत घट्ट. इथे उंच मुलांची एक जन्मजात खोड असते. बॉल आला की ते तो गुडघ्यापर्यंत खाली नेतात, आणि मग समोरचा पाच फुटी मुलगा आरामात हिसकावून पळतो. इतकी उंची देऊन बॉल मात्र बुटक्याच्या पातळीवर!

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, जी आम्हाला स्वतःला फार उशिरा कळली. बॉल घेतल्यावर लगेच काही करायचे नाही. खांद्यावरून मागे बघायचे. बचाव करणारा उजवीकडे टेकला असेल तर डावा पाय मागे, सरळ रिंगच्या दिशेने लांब टाकायचा, एक टप्पा आणि दोन्ही पायांवरून उडी. त्याला ड्रॉप स्टेप म्हणतात. तो डावीकडे असेल तर उलट. तो टेकलेलाच नसेल, दोन पावले मागे सरकला असेल, तर वळून रिंगकडे तोंड करायचे आणि शांतपणे बोर्डावरच्या चौकोनात बॉल मारायचा. आणि दोन-तीन जण एकदम अंगावर आले, म्हणजे आपला कुणीतरी मोकळा आहे. बॉल बाहेर द्यायचा. हा शेवटचा भाग शिकवला नाही तर मुलगा स्वार्थी आहे असे बाकीचे म्हणू लागतात, आणि पुढच्या सामन्यात त्याला बॉलच देत नाहीत.

सरावात आम्ही रोज एकच गोष्ट कधीच चुकवत नाही. रिंगच्या बरोबर खाली उभे राहायचे. उजवीकडून डाव्या पायावर उडी, उजव्या हाताने बॉल बोर्डाला. जाळीतून पडणारा बॉल खाली पडू न देता झेलायचा, हनुवटीखाली न आणता लगेच डावीकडून उजव्या पायावर उडी आणि डाव्या हाताने. असे न थांबता तीस सेकंद. पहिल्या आठवड्यात डावा हात रडवतो. याला मायकन ड्रिल म्हणतात.

जॉर्ज मायकन हा सहा फूट दहा इंची, जाड भिंगाचा चष्मा लावणारा अमेरिकन मुलगा. इतका अवघडलेला की हा खेळाडू होईल असे फारसे कुणाला वाटत नव्हते. शिकागोच्या डीपॉल विद्यापीठात रे मेयर नावाच्या प्रशिक्षकाने 1940च्या दशकात त्याला हाताशी धरले. दोरीवरच्या उड्या, बॉक्सिंगचा सराव, चक्क नाचाचे धडे, आणि दोन्ही हातांनी शेकडो हूक शॉट. पुढे तो इतका भारी झाला की 1951 मध्ये एनबीएला रिंगसमोरची चौकट सहा फुटांवरून बारा फूट रुंद करावी लागली. उंची त्याच्याकडे आधीपासूनच होती. पाय मेयरने दिले.

करीम अब्दुल-जब्बार यांचे नाव घरोघरी माहीत आहे. सात फूट दोन इंच. ते कॉलेजात असताना 1967 मध्ये अमेरिकन कॉलेज बास्केटबॉलने रिंगमध्ये हाताने बॉल कोंबण्यावर बंदी घातली, ती 1976 पर्यंत राहिली. त्यांनी हूक शॉट इतका घोटला की एनबीएमध्ये 38,387 गुण केले आणि तो विक्रम 2023 पर्यंत कुणाला मोडता आला नाही. हकीम ओलाजुवान यांची गोष्ट आम्ही मुलांना जास्त सांगतो. नायजेरियात वाढलेल्या या मुलाने पंधरा वर्षांचा होईपर्यंत बास्केटबॉल खेळलाच नव्हता. तो हँडबॉल आणि फुटबॉल खेळायचा. ते पायच पुढे कामी आले. 1994 आणि 1995 अशी दोन विजेतेपदे ह्यूस्टनला मिळाली, आणि रमजानमध्ये ते रोजा ठेवूनही सामने खेळत.

आपल्या देशातले सतनाम सिंग पंजाबातल्या बल्लो के गावचे, सात फूट दोन इंच. 2015 मध्ये डॅलसच्या संघाने त्यांना निवडले, एनबीएच्या निवडीत आलेले भारतात जन्मलेले ते पहिले. तरी एनबीएचा एकही सामना त्यांना खेळायला मिळाला नाही. म्हणून पालकांना आम्ही स्पष्ट सांगतो. नववीत सहा फूट असलेला मुलगा तिथेच थांबू शकतो. शाळेच्या संघात तो सगळ्यात उंच, राज्याच्या शिबिरात गेला की मधल्या उंचीचा. त्याला फक्त पोस्ट शिकवले असेल तर तिथे तो कुठल्याच जागेचा राहत नाही. त्यामुळे बॉल टप्पे देत नेणे आणि लांबून मारणे त्यालाही रोज करायला लावायचे. फ्री थ्रोसुद्धा. रिंगजवळ खेळणाऱ्यावर जास्त फाउल होतात आणि 4.60 मीटरवरून मिळालेले फुकटचे गुण आपली उंच मुले वाया घालवतात.

शरीराबद्दल दोन शब्द. एका वर्षात चार इंच वाढलेला मुलगा स्वतःच्याच पायात अडखळतो. त्याला "ढीला" म्हणू नका, ते दिवस जातात. गुडघ्याच्या वाटीखालच्या हाडावर दुखते, अशी तक्रार या वयात नेहमीची आहे. दुखत असताना सिमेंटवर उड्या मारायला लावायच्या नाहीत, काही आठवडे फक्त पायांचे काम आणि नेम. सूज असेल, रात्री दुखत असेल किंवा मूल लंगडत असेल तर डॉक्टरांकडे. आणि मार्चपासून सराव फजरनंतरच, मराठवाड्याच्या उन्हात दुसरी वेळ नाही.

मुलींचे वेगळे आहे. उंच मुलगी शाळेत खांदे पाडून, वाकून चालते, कारण घरात तिच्या उंचीवरून लग्नाची काळजी सुरू झालेली असते. आम्ही तिला हेच सगळे शिकवतो, फक्त बॉल थोडा लहान, सहा नंबरचा. स्कार्फचा प्रश्न अम्मी लोक विचारतात. आंतरराष्ट्रीय संघटनेने ऑक्टोबर 2017 पासून डोके झाकून खेळायला परवानगी दिली आहे. त्यामुळे ते कारण आता उरलेले नाही.

राहिला अभ्यास. नांदेड असो की लातूर, अकरावी लागली की मूल ट्यूशनच्या गल्लीत दिसते, मैदानावर नाही. दहावी-बारावीला खेळाचे सवलतीचे गुण आहेत, शासकीय नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण दोन्हीला अटी आहेत आणि त्या आमिषावर मूल मैदानावर टिकत नाही. हाताशी असतात सातवी ते दहावीची वर्षे. त्यात रोज चाळीस मिनिटे द्या, एवढेच आम्ही अब्बू लोकांकडे मागतो.

भिंतीला टेकून बसणारा तो मुलगा आता बारावीत आहे, नीटची तयारी करतो. रविवारी सकाळी तेवढा येतो, सातवीतल्या बहिणीला घेऊन. ती त्याच्यासारखीच उंच होणार असे दिसते. बॉल मागते, तर हा देत नाही. म्हणतो, "पैले पाँव. बॉल बाद में."