जीसीसीने बांधलं म्हणून कर्नल जीपीएल होत नाही

स्वतःची ऑपरेटिंग सिस्टिम लिहायला घेतलेल्या मंडळींत कंपायलरचा विषय निघाला, की एक वाक्य ठरलेलं असतं : ‘जीसीसी नको, त्याने बांधलं की आपलं कर्नलही जीपीएल करावं लागतं.’ अहो, नाही! गिरणीत दळून आणलं म्हणून पीठ गिरणीवाल्याचं होतं का? जीपीएल लागू होतं ते जीसीसीच्या स्वतःच्या सोर्सला. फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशनच्याच प्रश्नोत्तरांत लिहिलंय, की जीसीसीने बंदिस्त प्रोग्रॅमही खुशाल कंपाइल करा.

तरी शंका असेल तर लिनक्सच बघा. १९९१ मधली ०.०१ आवृत्ती टोरवाल्ड्सने जीसीसीनेच बांधली होती आणि तिच्या लायसन्समध्ये पैसे घेऊन वाटायला मनाई होती. जीपीएलमध्ये अशी मनाई चालतच नाही. जीपीएल आलं १९९२ मध्ये, तेही त्याने ठरवलं म्हणून.

यावर लगेच उलटा प्रश्न येतो : मग फ्रीबीएसडीने जीसीसी का सोडला? कारण ४.२.१ नंतरचा जीसीसी जीपीएलच्या तिसऱ्या आवृत्तीखाली गेला आणि तो सिस्टिमसोबत वाटणं त्यांना नको होतं. म्हणून २०१४ मध्ये १०.० आवृत्तीत, एक्स८६वर, त्याच्या जागी क्लँग हा कंपायलर आला. अडचण कंपायलर वाटण्याची होती. त्याआधी वीसेक वर्षं जीसीसीने बांधूनही त्यांचं कर्नल बीएसडी लायसन्सखालीच होतं.

जीपीएलच्या या भीतीत तथ्याचा कण आहे तो लिबजीसीसीचा, म्हणजे जीसीसीच्या स्वतःच्या लायब्ररीचा. ३२-बिट एक्स८६वर दोन ६४-बिट आकड्यांचा भागाकार लिहा. कंपायलर गुपचूप लिबजीसीसीतलं फंक्शन बोलावतो आणि ते तुमच्या बायनरीत येऊन बसतं. नेमकं त्यासाठीच ‘रनटाइम लायब्ररी एक्सेप्शन’ आहे (३.१, मार्च २००९). वाचायला दहा मिनिटं लागतात, पण वाचतं कोण?

बाकीचे समज किरकोळ. ‘लिनक्सवरचा जीसीसी आहे तसा चालेल’ : अनेक डिस्ट्रोंत तो पीआयई आणि स्टॅक प्रोटेक्टर न विचारता लावतो, तेव्हा क्रॉस कंपायलर बांधाच. ‘क्रॉस कंपायलर झाला, आता निर्धास्त’ : ६४-बिट एक्स८६वर रेड झोन बंद केला नाही, तर इंटरप्ट येताच स्टॅक पॉइंटरखालच्या १२८ बाइटांत ठेवलेली लोकल व्हेरिएबल्स पुसली जातात. ‘फ्रीस्टँडिंग म्हटलं की लायब्ररीची कटकट नाही’ : मेमसेट, मेमकॉपी, मेममूव्ह आणि मेमकंपेअर तरीही तुम्हालाच लिहून द्यावी लागतात, जीसीसीच्या मॅन्युअलमध्येच तशी अट आहे.