बोलता येत नाही, पण गाता येते!

शेजारच्या गावचे एक निवृत्त गुरुजी. वय ऐंशीच्या पुढे. अर्धांगवायूचा झटका आला, उजवा हात-पाय लुळा पडला आणि वाचा गेली. दुसऱ्याचे बोलणे बरेचसे कळे, पण तहान लागली तरी तोंडातून ‘पाणी’ निघत नसे. एका संध्याकाळी बाई देवापुढे दिवा लावताना ‘गीतरामायणा’तले एक गीत गुणगुणू लागल्या आणि खाटेवरून गुरुजींनी पुढची ओळ उचलली. अगदी शब्दांसकट! बाईंच्या डोळ्यांना धार लागली. सूनबाईंना मात्र राग आला. दवाखान्यात येऊन म्हणाल्या, “डॉक्टर, गाता येतं तर बोलायला काय होतं? मामंजी सोंग करतात.”

वाचकहो, हे सोंग नव्हे. बहुतेकांच्या मेंदूत बोलण्याचे केंद्र डाव्या भागात असते. तिथला रक्तपुरवठा तुटला की उजवे अंग आणि वाचा दोन्ही एकदम जाऊ शकतात. गाण्यात मात्र मेंदूच्या उजव्या भागाचाही मोठा वाटा असतो, आणि मुखोद्गत शब्द सुरांच्या आधाराने बाहेर येतात. स्वीडनच्या ओलोफ दालिन यांनी १७४५ सालीच अशा एका रुग्णाची हकिगत लिहून ठेवली आहे : बोलणे गेलेले, प्रार्थनागीते शाबूत! पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत बोस्टनच्या तज्ज्ञांनी यातून उपचारपद्धती मांडली. रोजची लहान वाक्ये सुरात म्हणायची, डाव्या हाताने ठेका धरायचा आणि मग हळूहळू सूर कमी करीत साध्या बोलण्यावर यायचे.

आता, गाणे कोणते लावावे? इथेच घरची मंडळी चुकतात. गुरुजींच्या चिरंजीवांनी हौसेने स्पीकर आणला आणि त्यावर कसलेसे मनःशांतीचे संगीत लावले. गुरुजी भिंतीकडे तोंड फिरवीत. माणसाच्या मनात साधारण दहाव्या वर्षापासून पंचविशी-तिशीपर्यंत ऐकलेली गाणी सर्वांत पक्की बसतात. तेव्हा आपली आवड बाजूला ठेवा आणि रुग्णाच्या वयाचा हिशेब करा. आज ऐंशीच्या घरात असणाऱ्यांसाठी १९५५ साली पुणे आकाशवाणीवर सुरू झालेले ‘गीतरामायण’, १९६० चा ‘जगाच्या पाठीवर’, अभिषेकीबुवांचे संगीत असलेली ‘मत्स्यगंधा’ (१९६४) व ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) ही नाटके, नाहीतर १९७२ चा ‘पिंजरा’. साठीतल्यांना १९७७ चा ‘जैत रे जैत’ किंवा १९८१ चा ‘उमराव जान’ जवळचा वाटेल. मला स्वतःला ‘कट्यार’ जीव की प्राण. पण जन्मभर शेतात राबलेल्या आजीबाईंना तिचे काय? त्यांना जात्यावरच्या ओव्या, भजने, लग्नातली गाणी हवीत. ठाऊक नसेल तर त्यांच्या बहिणीला, भावाला विचारा.

गाणे लावून निघून जाऊ नये. जवळ बसावे, टी.व्ही. बंद करावा, श्रवणयंत्र असेल तर कानात घालावे. स्वतः सोबत म्हणावे आणि ओळीचा शेवटचा शब्द रुग्णासाठी सोडावा. पंधरा-वीस मिनिटे पुरे. अख्खा चित्रपट दाखवू नका, थकवा येतो. एखादे गाणे दाखवा. अर्धांगानंतर रडू लवकर येते, त्याने घाबरू नका. पण रुग्णाने मान फिरवली तर बंद करा.

मात्र गाता आले म्हणजे वाचा परतली असे नव्हे. गोळ्या, व्यायाम चालूच हवेत आणि वाचा-उपचारतज्ज्ञाला लवकर दाखवावे. आणि तोंड वाकडे झाले, हात गळून पडला, बोलणे अडखळले, तर घरी तेल चोळत बसू नका. तडक सी.टी. स्कॅनची सोय असलेले रुग्णालय गाठा. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येते. गुरुजींना दुसऱ्या दिवशी नेले होते.

सूनबाईंचा राग आता निवळला आहे. तांब्या हातात घेऊन त्या “पाणी हवं?” हे दोन सुरांत म्हणतात. गुरुजी डाव्या हाताने मांडीवर थाप देत त्याच सुरात “पाणी” म्हणतात. ‘चहा’ अजून येत नाही.