सुरतेतले टोपीकरांचे घुमट

सुरतेच्या कतारगाम दरवाज्याच्या बाजूला असलेल्या इंग्रज कबरस्तानात शिरताना ही जागा ख्रिस्ती माणसांची आहे, हे चटकन पटत नाही. घुमट, कमानी, जाड खांब, वरच्या सज्जात नेणारे जिने. सारा थाट मोगल उमरावाच्या मकबऱ्याचा. जकातीच्या सवलतींसाठी आणि फर्मानांसाठी मोगल अधिकाऱ्यांच्या दारी तिष्ठणाऱ्या वखारवाल्यांना या शहरात आपलं वजन दाखवायचं होतं, आणि वजन म्हणजे काय हे मोगलांनीच ठरवलेलं होतं. म्हणून ही थडगी मला व्यापाराच्या इतिहासातला अस्सल पुरावा वाटतात.

इथलं सर्वांत भव्य बांधकाम ऑक्झिंडेन बंधूंचं. धाकटा ख्रिस्तोफर 1659मध्ये गेला. त्याच्या थडग्यावरचा लेख चक्क व्यापाऱ्याच्या खतावणीच्या भाषेत आहे: मृत्यूने अचानक हिशेब मागितला, वर्षांऐवजी दिवसच जमेला धरावे लागले, मालकांनी नोकर गमावला आणि सोबत्यांनी मित्र. वखारीत आयुष्य काढलेल्या माणसाचा शोक याहून खरा कसा असेल? दहा वर्षांनी त्याचा भाऊ जॉर्जही इथेच विसावला आणि दोघांवर सुमारे 40 फूट उंचीची, एकावर एक घुमट असलेली दुमजली वास्तू उभी राहिली.

हा जॉर्ज आपल्या ओळखीचा आहे. जानेवारी 1664मध्ये शिवाजी महाराजांनी सुरत लुटली तेव्हा मोगल सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला, आणि वखारीचा बंदोबस्त करून इंग्रज लढायला उभे राहिले ते याच जॉर्जच्या हुकमाने. पुढे 1674मध्ये रायगडावर राज्याभिषेकाला हजर राहिलेला वकील हेन्री ऑक्झिंडेन त्याच घराण्यातला. आपल्या इतिहासाच्या पुस्तकांत हे आडनाव ओझरतं येऊन जातं. इथे ते दगडचुन्यात समोर उभं राहतं.

डचांच्या कबरस्तानात हेंड्रिक आद्रियान व्हान रेडेचं थडगं आहे. इंग्रजांवर ताण करण्यासाठीच डचांनी ते एवढं मोठं बांधलं, असं सांगतात. आत एके काळी भित्तिचित्रं होती, खिडक्यांना कोरीव लाकूडकाम होतं. पुढे निव्वळ डागडुजीसाठी डच कंपनीकडे 6,000 रुपयांची मागणी गेली होती, यावरून मूळ डामडौलाचा अंदाज यावा. कंपनीच्या कारभारातला भ्रष्टाचार खणून काढण्यासाठी 1684मध्ये नेमलेला हा अधिकारी कोचीनहून सुरतेला येताना, डिसेंबर 1691मध्ये, मुंबईजवळच्या समुद्रात जहाजावर वारला.

त्याचं खरं स्मारक मात्र ॲम्स्टरडॅमला छापलं गेलं. मलबारच्या वनस्पतींवरचा ‘होर्तुस मलबारिकुस’ हा 12 खंडांचा ग्रंथ त्याने 1678पासून प्रसिद्ध करायला घेतला. शेवटचा खंड त्याच्या मृत्यूनंतर, 1693मध्ये निघाला. त्यातली माहिती इट्टी अच्युतन या मल्याळी वैद्याची आणि कोचीनच्या तीन कोकणी ब्राह्मणांची: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या समाजातली ही माणसं. झाडांची नावं आणि औषधी गुण आपण पारखून सांगितले, असा त्यांचा दाखला पहिल्याच खंडात कोकणी भाषेत, देवनागरी लिपीत छापलेला आहे.